वॉरंटी संपली म्हणजे बोलणं संपलं का?



आज पिकाचं काही नाही. तुरीचं, मोसंबीचं परत बोलू. आज मोटारसायकलचं बोलायचंय. म्हणाल, तात्यानं हे काय काढलं? पण खरं सांगा, बैलजोडी गेल्यापासून शेतकऱ्याच्या दारात दिवसातून धा वेळा जुंपली जाणारी वस्तू कोणती? गाडीच. दूध गाडीवर, खताची गोणी गाडीवर, फवारणीचा पंप गाडीवर, म्हातारी दवाखान्यात गाडीवर. ती चार दिवस बंद पडली की सगळं शेत अडतं.

माझी गाडी 2020 च्या दसऱ्याला घेतलेली. नवीन बीएस-सहा, इंजेक्शनवाली. कंपनीची वॉरंटी पाच वर्षांची किंवा ठरावीक किलोमीटरची, जे आधी होईल ते. माझे किलोमीटर बाकी होते, वर्षं मात्र गेल्या दसऱ्याला भरली. आणि डिसेंबरात, ऐन कापूस वेचणीत, गाडीचं हेड गेलं. कॅमशाफ्ट खाल्ला, रॉकर खाल्ले, टायमिंग चेन ढिली. शोरूमवाल्यानं अंदाज काढला 7,600 रुपये. म्हणजे एक क्विंटल कापूस गेला म्हणा.

मी काउंटरवर गेलो. तिथलं पोरगं म्हणलं, "काका, वॉरंटी संपली तुमची. दोन महिने झाले."

मी म्हणलं, "अरे बाबा, टकटक आवाज तर तीन वर्षांपासून येतोय. दर सर्व्हिसिंगला सांगितलं. तुमचाच मिस्तरी म्हणला, नॉर्मल आहे, सगळ्याच गाड्यांना असतो."

त्यानं कॉम्प्युटरात बघितलं. "काका, जॉब कार्डवर तसं काही नाही. ऑइल बदलणं आणि वॉशिंग, एवढंच आहे. आणि फुकटच्या सर्व्हिसिंगनंतर तुम्ही इकडं दोनदाच आलात."

खरं होतं. फुकटच्या सर्व्हिसिंग संपल्यावर मी गाडी फाट्यावरच्या मिस्तरीकडं टाकायचो. मिस्तरी चांगला, ऑइल वेळेवर बदलायचा, पण बिल ना त्यानं कधी दिलं, ना मी मागितलं. मग मी तिथं आवाज चढवला. लय बोललो. चार माणसं जमली. त्या पोराचा चेहरा उतरला. मिळालं काय? काही नाही. पैसे भरले आणि गाडी घेऊन आलो.

आता दुसरी गोष्ट ऐका. शेजारच्या मळ्यातला पोरगा, दुधाचा धंदा करतो. गाडी त्याच कंपनीची, घेतली त्याच शोरूमातून, दुखणंही जवळपास तेच. त्याची वॉरंटी संपून तर तीन महिने झालेले. त्याला पार्ट सगळे कंपनीनं फुकट दिले, त्यानं फक्त मजुरीचे 1,150 रुपये भरले. एकोणीस दिवस लागले, पण काम झालं.

फरक कशात होता? तो काही पुढाऱ्याचा पोरगा नाही. त्याच्याकडं तीन जॉब कार्डं होती आणि त्यातल्या दोनवर "इंजिनमधून आवाज" असं लिहिलेलं होतं, तारखेसकट, किलोमीटरसकट. तो आधी जालन्याच्या स्टील कारखान्यात कामाला होता. तिथं त्याला सवय लागली, की तोंडी सांगितलेलं काम हे सांगितलेलं नसतंच.

एवढीच ती गोष्ट. माझं नुकसान आवाजानं नाही, कोऱ्या कागदानं झालं.

गुडविल म्हणजे काय, आणि काय नाही

त्याला जे मिळालं त्याला शोरूमच्या भाषेत "गुडविल" म्हणतात. वॉरंटी संपलेली असताना, नियमानं देणं लागत नसताना, कंपनी गिऱ्हाईक राखायला दुरुस्तीचा सगळा नाहीतर काही खर्च स्वतः सोसते. कधी पार्ट त्यांचा, मजुरी आपली. कधी निम्मं निम्मं. कुठल्या पुस्तिकेत हे ठळक छापलेलं नसतं, म्हणून आपल्याला माहीत नसतं. विचारलं नाही तर कुणी स्वतः होऊन सांगतही नाही.

हे ठरवतं कोण, हे पण समजून घ्या. काउंटरवरचं पोरगं नाही. शोरूमचा मालकही बऱ्याचदा नाही. शोरूम ही विक्रेत्याची, पार्टाचे पैसे सोडणार कंपनी. शोरूमवाला कंपनीच्या भागातल्या सर्व्हिस मॅनेजरकडं प्रकरण पाठवतो, तो गाडी नाहीतर फोटो बघतो आणि हो-नाही म्हणतो. म्हणून काउंटरवर भांडणं म्हणजे बाजार समितीच्या हमालाशी भावावरून भांडणं. त्याच्या हातात भाव नसतो. महिन्याकाठी थोड्या पगारावर राबणारं ते लेकरू. मी त्याला नको ते बोललो, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

आता माझं मत. दोन गोष्टी आपण एक करतो, त्या वेगळ्या ठेवा.

एक. बिघाड वॉरंटी चालू असतानाच दिसला, आपण सांगितला, आणि त्यांनी "नॉर्मल आहे" म्हणून परत पाठवलं. पुढं वॉरंटी संपल्यावर तोच बिघाड मोठा झाला. इथं आपण मेहेरबानी मागत नाही. इथं आपण जुनी तक्रार पुरी करून मागतो. ती आपल्या हक्काची.

दोन. बिघाड वॉरंटी संपल्यावरच पहिल्यांदा आला. इथं मात्र ती विनंती. कंपनी नाही म्हणू शकते. पण विनंतीलाही वजन असतं, आणि ते वजन कागदाचं असतं.

माझं प्रकरण पहिल्यातलं होतं. कागद नसल्यामुळं ते दुसऱ्यातलं झालं, आणि वजन नसल्यामुळं तिथंही पडलं.

पिशवी जपतो, बिल फेकतो

आपला जिल्हा बियाण्याचा. महिको 1964 साली इथंच, जालन्यात सुरू झाली. बियाण्याच्या बाबतीत आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. पिशवी जपून ठेवायची, लेबल फाडायचं नाही, लॉट नंबर बघायचा, पक्कं बिल घ्यायचं, पिशवीतलं मूठभर बियाणं बाजूला ठेवायचं. 2020 च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन उगवलं नाही तेव्हा काय झालं आठवा. ज्याच्याकडं पिशवी, लेबल आणि बिल होतं त्याच्या पंचनाम्याला अर्थ होता. ज्यानं पिशवीत मिरच्या भरून ठेवल्या तो नुसता बघत बसला. प्रकरण औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेलं.

त्याच्याही आधी, जानेवारी 2012 मध्ये सुप्रीम कोर्टानं आंध्रातल्या शेतकऱ्यांच्या प्रकरणात, नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या विरोधात, स्पष्ट सांगितलं की बियाणं घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे आणि तो ग्राहक मंचाकडं जाऊ शकतो. म्हणजे हा रस्ता आपल्याच माणसांनी मळलेला आहे.

मग 900 रुपयांच्या पिशवीला जी अक्कल लावतो, ती 90 हजारांच्या गाडीला काहून लावत नाही? गाडीचा चेसिस नंबर म्हणजे तिचा लॉट नंबर. जॉब कार्ड म्हणजे तिचा पंचनामा. आणि आपण ते जॉब कार्ड शोरूमच्या दारातच चुरगाळून टाकतो.

बिघाड माझ्या एकट्याचा की सगळ्यांचा?

बियाण्याचा एक लॉट जसा खराब निघतो, तशी गाड्यांचीही एखादी खेप खराब निघते. मे 2021 मध्ये रॉयल एनफिल्डनं मीटिओर, क्लासिक आणि बुलेट मिळून 2,36,966 गाड्या परत तपासायला बोलावल्या. त्यातल्या बहुतेक आपल्याच देशातल्या. इग्निशन कॉइलमध्ये दोष निघाला होता. कॉइल खराब निघाली तर फुकट बदलून द्यायचं कंपनीनंच जाहीर केलं. याला रिकॉल म्हणतात. हे गुडविल नाही. इथं कंपनी स्वतः दोष कबूल करते.

सरकारनंही आता मोटार वाहन कायद्यात रिकॉलचं कलम घातलंय, 110-अ. त्याचे नियम 1 एप्रिल 2021 पासून लागू आहेत आणि सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना ते लागतात. ठरावीक संख्येनं तक्रारी नोंदल्या गेल्या तर सरकार कंपनीला गाड्या परत बोलवायला लावू शकतं.

यातून आपल्याला दोन धडे. पहिला, मोठा बिघाड निघाला की आधी आपल्या चेसिस नंबरवर रिकॉल आहे का ते शोरूममध्ये विचारायचं, किंवा पोराकडून कंपनीच्या वेबसाइटवर बघून घ्यायचं. रिकॉल असेल तर गुडविल मागायची गरजच नाही. दुसरा, आपली तक्रार नोंदली गेलीच पाहिजे. गावात दहा गाड्यांचं हेड वाजत असेल आणि दहाही जण फाट्यावर दुरुस्त करून मोकळे झाले, तर कंपनीच्या वहीत तो बिघाड कधी झालाच नाही.

आपलीही बाजू बघू

शोरूमवाले म्हणतात, शेतकरी गाडीचे हाल करतो. खोटं नाही. मी स्वतः दोन गोण्या युरिया आणि वर बायको, असं पांदणीतून आणलंय. पावसाळ्यात काळ्या चिखलात चाक जाम होतं तरी आपण क्लच दाबून रेटतो. मग क्लच प्लेट जळाली, चेन-स्प्रॉकेट गेलं, शॉकअप बसले, तर ते कंपनीकडं मागू नये. ब्रेक शू, रबर, केबल, बल्ब हेही झिजायच्याच वस्तू. टायर आणि बॅटरीची वॉरंटी वेगळ्या कंपनीची असते, तिचा कागद वेगळा. या गोष्टींसाठी गुडविल मागाल तर खऱ्या मागणीचीही किंमत जाते.

मागायचं कशाला? जे वापरानं एवढ्या लवकर जायला नको होतं त्याला. कॅमशाफ्ट, गिअर, क्रँकचं बेअरिंग, इंजिनच्या कास्टिंगला चीर, फ्युएल पंप, ईसीयू, मीटर. आणि तेही वॉरंटी संपून थोडे महिने झाले असतील तर. चार वर्षं उलटल्यावर गेलात तर ऐकणार कोण?

मग करायचं काय

माझ्याकडून पैसे भरून शिकलेलं सांगतो. तुम्ही फुकट शिका.

पहिलं. गाडी टाकताना आपली तक्रार आपल्या शब्दांत जॉब कार्डवर लिहून घ्या. "थंड असताना इंजिनच्या वरच्या बाजूनं टकटक आवाज" असं. पोरगं "जनरल चेकअप" लिहील, तर सही करायच्या आधी थांबवा. त्यांनी "नॉर्मल आहे" म्हणलं तर तेही लिहून मागा. कॉपी घ्या, मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा.

दुसरं. गावच्या मिस्तरीकडं जायचं तर जा, पण तारीख, किलोमीटर आणि काम लिहिलेली पावती घ्या. ऑइलच्या डब्याचं बिल आणि मीटरचा फोटो ठेवा. कंपनीकडं केलेल्या सर्व्हिसिंगएवढं त्याला वजन नाही, पण काहीच नसण्यापेक्षा लय बरं. आणि वॉरंटी असेपर्यंत इंजिन बाहेर उघडू देऊ नका.

तिसरं. वॉरंटी संपायची तारीख घरातल्या कालनिर्णयावर लिहा. तिच्या दोन महिने आधी गाडी शोरूमला न्या आणि सगळं तपासून घ्या. आवाज, गळती, सेल्फ, मीटर, सगळं जॉब कार्डवर आलं पाहिजे. पीक निघायच्या आधी विम्याची तक्रार द्यायचो, तसंच हे.

चौथं. बिघाड झालाच तर गाडी लगेच बाहेर उघडू नका. उघडली की दोष कंपनीचा की मिस्तरीचा, हे कुणालाच सांगता येत नाही. शोरूममध्ये उघडा, खराब पार्टाचा फोटो घ्या. पैसे भरून दुरुस्ती केली तर जुना पार्ट मागून घ्या, तो तुमचा आहे आणि तोच पुरावा आहे. पार्ट कंपनीनं फुकट दिला तर मात्र जुना त्यांच्याकडं जातो.

पाचवं. तोंडी नको, अर्ज द्या. त्या दुधवाल्या पोरानं दिलेला अर्ज साधारण असा होता:

"मी अमुक तारखेला तुमच्याकडून गाडी घेतली. चेसिस नंबर हा. आजचे किलोमीटर हे. अमुक आणि अमुक तारखेला इंजिनमधून आवाज येत असल्याची तक्रार केली होती, जॉब कार्ड जोडली आहेत. त्या वेळी दुरुस्ती झाली नाही. आता तोच बिघाड वाढला आहे. वॉरंटी संपून तीन महिने झाले असले तरी दोष आधीचा आहे. म्हणून कंपनीकडं गुडविलमध्ये दुरुस्तीसाठी प्रकरण पाठवावं आणि काय ठरलं ते मला लेखी कळवावं."

बस. शिवी नाही, धमकी नाही, "गाडी शोरूमसमोर जाळतो" नाही. एक प्रत शोरूमच्या शिक्क्यासह स्वतःकडं, एक कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेलनं. ईमेल येत नसेल तर पोराला, पुतण्याला सांगा. "लेखी कळवावं" हे शब्द विसरू नका. तोंडी नाही म्हणणं सोपं असतं, लेखी नाही म्हणताना माणूस विचार करतो. पूर्ण नाही म्हणाले तर निम्म्यावर येतात का ते विचारा. पार्ट तुमचे, मजुरी माझी, असं आपणच म्हणलं तर समोरच्यालाही वाट मिळते.

सहावं. तरी ऐकलं नाही आणि आपली बाजू पक्की असेल, तर 1915 या नंबरवर फोन लावा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. ते निकाल देत नाहीत, पण तक्रार कंपनीपर्यंत नोंदवून पोचवतात. त्याच्याही पुढं जिल्हा ग्राहक आयोग, आपल्या जालन्यातच आहे. 2019 च्या कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनी पुण्यात असो की दिल्लीत. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही. वकील लावलाच पाहिजे असं नाही. मुदत मात्र दोन वर्षांची. पण एक लक्षात ठेवा, आयोगात "दोष कारखान्यातला आहे" हे आपल्याला दाखवावं लागतं, बऱ्याचदा तज्ज्ञाचा अहवाल लागतो. नुसती गुडविल मिळाली नाही म्हणून तिथं जाण्यात अर्थ नाही. वॉरंटीत तक्रार करूनही दुरुस्ती केली नाही, हे कागदावर असेल तरच जा.

कंपन्यांनाही दोन शब्द

गुडविल चांगलीच गोष्ट आहे, पण ती ज्याला ईमेल लिहिता येतो त्यालाच मिळत असेल तर ती गुडविल कसली? शहरातला माणूस मॅनेजरचं नाव विचारतो. आपला माणूस टोपी काढून उभा राहतो आणि "संपली" ऐकून परत येतो. गाड्या तर खेड्यातच जास्त राबतात.

माझं मागणं मोठं नाही. जॉब कार्ड मराठीत करा आणि त्यावर गिऱ्हाइकाचे शब्द लिहा. वॉरंटी संपायच्या आधी, सर्व्हिसिंगची आठवण पाठवता तसा, एक मेसेज पाठवा की शेवटची तपासणी करून घ्या. आणि वॉरंटीनंतर विनंती कुणाकडं करायची, ते शोरूमच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा. नाही म्हणायचं तर म्हणा, पण कारण लिहून द्या.

कृषी सहायक, केव्हीकेचे साहेब लोक हे वाचत असतील तर त्यांनाही विनंती. बियाण्याची पिशवी जपा, हे तुम्ही आम्हाला दरवर्षी सांगता. त्याच मेळाव्यात पाच मिनिटं यंत्राच्या कागदांवर पण बोला. फवारणी पंप, ठिबक, ट्रॅक्टर, मोटार, सगळ्यांना वॉरंटी असते. मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेतल्या पंपाला तर पाच वर्षांची दुरुस्तीची हमी आहे. किती जणांकडं त्याचा कागद सापडेल? माझा मी परवा शोधला, धान्याच्या कोठीमागं निघाला, अर्धा उंदरानं खाल्लेला.

आता घरात एक पिशवी केलीय. खताचीच, धुतलेली. गाडी, पंप, मोटार, सगळ्यांचे कागद त्यात. खुंटीला टांगलीय, उंदराला पोचणार नाही अशी. 7,600 रुपयांची पिशवी आहे म्हणतो मी घरच्यांना.

तुमच्या गाडीची वॉरंटी कधी संपते? आत्ता उठून बघा. दोन महिने उरले असतील तर उद्याच गाडी शोरूमला घाला. आणि गुडविलमध्ये कुणाचं काम झालं असेल, नाहीतर फसलं असेल, तर खाली लिहा. शोरूमचं नाव घालू नका, काय केलं ते लिहा. दुसऱ्याच्या कामाला येईल.

राम राम.